अप्पांची डबी आणि माझी घाई

माझ्या घाईचे किस्से आमच्या घरात चवीने सांगितले जातात. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा यायच्या आधी मी हात धुऊन उभी असते. सिनेमा संपायच्या आधी चप्पल पायात असते. शाळेत मी चित्रकला शिकवते, आणि मुलांचा रंग वाळायच्या आत वह्या गोळा करते, अशी माझी कीर्ती आहे. हे सगळं मी स्वतःही हसत सांगते. अप्पांच्या डबीचा किस्सा मात्र हसत सांगायला मला बरेच दिवस लागले.

आई गेली त्याला तेव्हा चौदा महिने झाले होते. अप्पा अठ्ठ्याहत्तरचे. उभा जन्म त्यांनी चादरीच्या दुकानात गिऱ्हाइकापुढे चादरी उलगडण्यात आणि घडी घालण्यात घालवला. आई गेल्यावर ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. जेवायला हाक मारली की यायचे, अर्धी भाकरी खायचे, आणि उरलेली अर्धी वाढायला गेलं की ताटावर हात आडवा धरून म्हणायचे, "ब्याड." आमच्या घरात मराठी आणि कानडी एकाच ताटात असतं. ब्याड म्हणजे नको. चौदा महिन्यांत मी हा एक शब्द इतका ऐकला की कानडीत दुसरा शब्दच नाही असं वाटायला लागलं.

एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नव्हती. सकाळी अंघोळ झाली की कपाळाला भस्माचे तीन पट्टे, मग गळ्यातली चांदीची डबी उघडायची, कापडात गुंडाळलेलं इष्टलिंग काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं आणि पूजा करायची. ते झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. आम्हा लिंगायतांत मूल जन्मल्यावर थोड्याच दिवसांत हे लिंग त्याच्या गळ्यात बांधतात आणि ते मरेपर्यंत ज्याचं त्याच्यापाशी राहतं. मरणानंतरही राहतं. आईला आम्ही रिवाजाप्रमाणे बसवून माती दिली तेव्हा तिचं लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं होतं. त्या दिवशी घरी परतताना अप्पा रिक्षात एवढंच बोलले होते, "माझंही असंच ठेव. तेवढं चुकू नको."

मी स्वतः या बाबतीत आळशी आहे. माझी डबी कपाटात असते. अप्पांनी त्यावरून मला कधी टोकलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

डोंगरात हिंडायची कल्पना माझी. मला पडक्या देवळांची चित्रं काढायचा नाद आहे आणि खिसा मास्तरणीचा आहे, त्यामुळे हॉटेल, गाडी असली भाषा मला परवडत नाही. पाठीवर एक पिशवी, लाल एसटी, रात्री एखाद्या शाळेचा नाहीतर मठाचा ओटा. आता तर सरकारनंच सोय करून ठेवली होती. अप्पांना पंचाहत्तरीपुढचे म्हणून तिकीट पूर्ण माफ, मला बाई म्हणून अर्धं. "अप्पा," मी म्हटलं, "आपल्याइतकी स्वस्तात फिरणारी जोडगोळी अख्ख्या सोलापुरात सापडायची नाही." ते हसले नाहीत, पण "ब्याड" असंही म्हणाले नाहीत. मी ताबडतोब पिशवी भरायला घेतली.

रंगीत तालीम म्हणून आधी कुडलला जाऊन आलो, भीमा आणि सीना मिळतात तिथे. तिथल्या जुन्या शिवलिंगावर शेकडो मुखं कोरलेली आहेत. अप्पांनी ती मोजायला घेतली, मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा मी ठरवलं, आता लांब जायचं.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उरकली, ज्वारी हुरड्याला आली आणि आम्ही निघालो. बार्शीच्या पुढे बालाघाटाचे डोंगर लागतात. साताऱ्याकडची माणसं त्यांना टेकाड म्हणतील. म्हणोत. सपाट जमिनीवर जन्म काढलेल्या आम्हाला ते डोंगरच. माझ्या पाठीवर भाच्याची कॉलेजची बॅग, अप्पांच्या खांद्याला दुकानातली जुनी कापडी पिशवी. शिधा सोलापूरचा: कडक भाकरी आणि शेंगाचटणी. कडक भाकरी महिनाभर टिकते, शिजवायला लागत नाही आणि वजनाला काहीच नसते. चालताना पाठीमागे तिचा कुडकुड आवाज येतो तेवढाच काय तो त्रास. मी निघतानाच जाहीर केलं होतं, कुणाच्या दारी जेवायचं नाही, कुणावर भार टाकायचा नाही. स्वतःच्या या बाण्याचा मला अभिमान होता.

तिसऱ्या दिवशी आम्ही ज्या वाडीत मुक्कामाला होतो तिचं नाव मी सांगत नाही. वीस-पंचवीस घरं, एक शाळा, आणि वाडीबाहेर उतारावर एक पडकं हेमाडपंती देऊळ. शिखर कधीच ढासळलेलं. मंडपाचे खांब मात्र शाबूत, त्यांवर कोरलेली साखळी आणि घंटा इतकी स्वच्छ की वाटावं हात लावला तर वाजेल. गाभाऱ्यात नुसती शाळुंका, मधली जागा रिकामी. लिंग कधी गेलं, कुणी नेलं, कुणालाच माहीत नाही. अप्पा त्या रिकाम्या खोबणीकडे बराच वेळ बघत राहिले.

देवळाच्या अंगाला एक म्हातारी शेण्या थापत होती. सत्तरीची असेल. ती हात धुऊन आली आणि म्हणाली, "पावनं, घरला चला की. पिटलं-भाकरी करते. लांबनं आल्यासा."

मी नेहमीच्या घाईने म्हटलं, "नको मावशी, आमच्याकडे आहे की सगळं." आणि पुरावा म्हणून बॅगेतली कडक भाकरी काढून दाखवली.

तिने भाकरीकडे पाहिलं, मग अप्पांच्या कपाळावरच्या भस्माकडे. "आमच्या हातचं चालत न्हाय व्हय तुमाला?" एवढं म्हणून ती वळली. मी "तसं नाही हो" म्हणेपर्यंत ती आपल्या शेण्यांपाशी पोचलीही होती. मागोमाग जायला हवं होतं. पण उजेड उतरणीला लागला होता आणि मला त्या साखळी-घंटेचं चित्र पुरं करायचं होतं. मी चित्र पुरं केलं. चांगलं आलं, आणि अजूनही ते बघायला मला आवडत नाही.

सकाळी वाडीतून एकच गाडी सुटते, रात्री मुक्कामाला आलेलीच. अप्पांनी हापशावर अंघोळ केली आणि हट्ट धरला की पूजा देवळातच करायची. मंडपात बसून त्यांनी ती शांतपणे केली. पूजेनंतर लिंग ओलं ठेवत नाहीत, म्हणून बेलाच्या पानावर ठेवून ते खांबाच्या बैठकीवर कोवळ्या उन्हात ठेवलं आणि सदरा घालायला उठले. कडक भाकरीचा एक तुकडा खाल्ला, वर गोळी घेतली. अप्पांना साखरेचा आजार आहे आणि पोटात काही नसताना गोळी द्यायची नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं.

तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला.

मी काय केलं ते मला अजून डोळ्यापुढे दिसतं. भस्माची डबी, पंचा, तांब्या, सगळं बॅगेत कोंबलं. चांदीची डबी उघडीच होती, आत कापडाची घडी होती. लिंग आत आहे असं मी गृहीत धरलं, टपकन झाकण लावलं, आणि दोरा धरून अप्पांपुढे उभी राहिले. त्या डबीला त्यांनी कधी कुणाला हात लावू दिलेला नाही. आईलासुद्धा नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शाळेला निघालेल्या पोरासारखी मान पुढे केली. मी ती गळ्यात घातली. गाडीत बसल्यावर मला आतून फार बरं वाटत होतं. वाटत होतं, अप्पा मऊ होतायत.

दुसऱ्या वाडीला त्या गाडीने जायचं म्हणजे आधी खाली मोठ्या रस्त्याला उतरायचं, तिथे दुसरी गाडी धरायची आणि पुन्हा वर चढायचं. दिवस गेला. अंगणवाडी चालवणाऱ्या एका बाईंनी ओट्यावर झोपायला जागा दिली. सकाळी अप्पांनी अंघोळ केली, पट्टे ओढले, डबी उघडली, कापड उलगडलं.

कापड रिकामं होतं.

त्यांनी कापड पुन्हा उलगडलं, झटकलं, डबीत बोट फिरवून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. दोघांच्याही एकाच वेळी ध्यानात आलं. त्यांना वाटलं मी आत ठेवलं, मला वाटलं त्यांनी ठेवलं. अठ्ठ्याहत्तर वर्षं ज्या गोष्टीला त्यांनी दुसऱ्याचा हात लागू दिला नाही, तिथे एकदा माझा हात लागला आणि ती गेली.

"तू चहा घे," ते म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी कसा घेणार?"

मी विनवलं, रागावले, डॉक्टरांची धमकी दिली. निदान साखरपाणी घ्या म्हटलं. ते मान हलवत राहिले. मग खूप हळू, लेकीला कानडीत लाडाने आई म्हणतात तसं म्हणाले, "अव्वा, जेवणाचं जाऊ दे. ते सापडलं नाही तर जायच्या वेळी माझ्या हातावर काय ठेवशील?"

मला रडू आलं. मी अंगणवाडीच्या बाईंसमोर, ओट्यावर, तोंडात ओढणी धरून रडले. बाईंना आधी वाटलं चांदीचं काही चोरीला गेलं. समजल्यावर त्यांनी चहाचा कप मागे नेला आणि त्या कामाला लागल्या. गाडी त्या वाडीला संध्याकाळी जाणार. घरची मोटरसायकल नवरा घेऊन बार्शीच्या बाजाराला गेलेला. फोन करावा तर त्या वाडीतल्या एकाचाही नंबर माझ्याकडे नव्हता. नंबर काय, शेण्या थापणाऱ्या त्या बाईचं नावही मी विचारलं नव्हतं. खिंडीतून शेरडांची वाट आहे, दोन कोस भरेल, असं बाई म्हणाल्या, "पण आजोबांना झेपायचं न्हाय."

आजोबा तोवर चपला घालून उभे होते.

चौदा महिने खुर्चीतून स्वयंपाकघरापर्यंत यायचा ज्याला कंटाळा, तो माणूस अनशापोटी डोंगर चढायला लागला. मी पाठीमागून. खिशात गुळाचा खडा, मनात भीती. दर वळणावर मी विचारायची, "चक्कर येतेय का? घाम सुटलाय का?" आणि ते म्हणायचे, "तू गप की जरा." बोरीच्या काट्यांत माझी ओढणी अडकली ती मी फाडून घेतली. माझ्या पाठीवर भाकऱ्या कुडकुडत होत्या आणि मला त्या आवाजाची चीड येत होती. खाण्याची सगळी तयारी पाठीवर आणि पुढे चाललेला बाप उपाशी.

खिंडीत ते एका दगडावर टेकले. खाली हुरड्याची रानं, लांबवर ती वाडी, आणि उतारावर ते देऊळ. अप्पा म्हणाले, "काल दिवसभर गळ्यात हलकं लागत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तू घातलीस म्हणून हलकं वाटतंय."

मी त्यांच्या चपलेतला काटा काढला आणि आम्ही उतरायला लागलो.

उतरताना माझ्या डोक्यात सगळे हिशेब वाईटच होते. शेरडं येऊन गेली असतील. पोरांनी गोटी म्हणून उचललं असेल. एवढंसं काळं लिंग, त्या माळावर दगडांना काय तोटा. आणि सापडलं नाही तर अप्पा आणखी किती दिवस असे राहतील? मठातल्या स्वामींकडून नवं लिंग घेता येतं हे मला माहीत होतं. पण अप्पा त्या वाटेला जातील असं त्यांच्या पाठीकडे बघून वाटत नव्हतं.

देवळापाशी पोचलो तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. मंडपात, त्याच खांबाच्या बैठकीवर एक वेताची दुरडी पालथी घातलेली होती. दुरडीवर एक दगड. आणि शेजारी पाय पसरून ती म्हातारी बसलेली.

आम्हाला बघून ती उठली नाही. अप्पांकडे पाहून तिने विचारलं, "ऊट आतेनरी?"

जेवण झालं का, असं ती कानडीत विचारत होती. त्या डोंगरात, त्या मराठी वाडीत. अप्पा जागच्या जागी थांबले. मग म्हणाले, "इल्लरी." नाही झालं.

"व्हनारच न्हाय की," ती मराठीत म्हणाली आणि दुरडी उचलली. बेलाचं पान सुकून वळलं होतं. त्याच्यावर लिंग होतं तसं होतं.

अप्पा खाली बसले आणि त्यांनी ते दोन्ही हातांनी उचलून डोळ्यांना लावलं. मी म्हातारीचे पाय धरायला वाकले तर तिने माझा हात झटकला. "माजं म्हायेर वळसंगाचं, बाई. तिकडं समदी कानडी बोलत्यात. शेजारचा म्हातारा रोज सकाळी गळ्यातलं काडून हातावर घिऊन बसायचा. त्याचं झाल्याबिगर त्यांच्या घरात कुनी घास खात न्हवतं. काल तुमची गाडी गेली आन् मी झाडायला आले, तर हे हितं. वळिकलं की मी. तुमचा देव, मी हात कसा लावायचा? म्हून दुरडी झाकली. शेरडं लई वंगाळ."

"काल सकाळपासून तुम्ही इथेच?" मी विचारलं.

"काल न्हाय. काल पूजा करून खाऊन गेला व्हता तुमी, मी बगितलं की. आज सकाळी डबी उगडल्यावर कळंल, मग धावत येतील, आसं धरलं. आज पहाटेपास्नं बसलीया." ती थांबली आणि चिडल्यासारखी म्हणाली, "आन् म्या बी चूल पेटवली न्हाय. ह्याचा मालक तिकडं उपाशी आन् मी हितं त्याच्या देवाम्होरं बसून खाऊ व्हय?"

परवा मी जिला वाळलेली भाकरी दाखवून परत पाठवलं होतं, ती बाई आमच्यासाठी सकाळपासून उपाशी बसली होती. मला इतकी लाज वाटली की मी सरळ सांगून टाकलं, "मावशी, परवा मी चुकले. तुमच्या हातचं चालत नाही असं काही नव्हतं. मला घाई होती."

"घाई कशाची? ह्या पडक्या खांबांची? ते कुटं पळत्यात?" ती म्हणाली. अप्पा हसले. चौदा महिन्यांनी मी तो आवाज ऐकला.

हापशावर पुन्हा अंघोळ करून अप्पांनी पूजा केली. म्हातारी खांबाआड हात जोडून बसली होती. पूजा संपल्यावर त्यांनी लिंग पुसलं, उन्हात धरलं, कापडात ठेवलं, घडी घातली. चाळीस वर्षं चादरींच्या घड्या घातलेली ती बोटं या चार बोटांच्या कापडाशी फार वेळ रेंगाळली. मग डबी उघडीच ठेवून त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

"अव्वा, ये. गळ्यात घाल."

मी मागे सरकले. "नको अप्पा. तुम्हीच घाला."

"घाल म्हणतोय ना. फक्त आधी बघ."

मी कापड बोटाने चाचपून पाहिलं. एकदा, मग पुन्हा एकदा. झाकण लावलं. ते मान पुढे करून थांबले होते. या खेपेला गाडी सुटणार नव्हती.

म्हातारीच्या घरात चूल पेटली. तिने तव्यावरून पहिली भाकरी उतरवली, वर पिठलं वाढलं आणि ताट अप्पांपुढे ठेवलं. अप्पांनी हात लावला नाही. "तुमचंही वाढून घ्या," ते म्हणाले, "सकाळपासून माझ्यासारख्याच आहात तुम्ही." तिने खूप आढेवेढे घेतले. शेवटी दुसरी भाकरी तिच्या ताटात आली, तेव्हाच त्यांनी पहिला घास मोडला. अप्पा जेवत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होते. अर्धी संपली. पाऊण संपली. ताट रिकामं झालं.

म्हातारी तव्यावरची भाकरी घेऊन वळली. मला सवय झालेली, मी म्हणाले, "राहू दे मावशी, ते आता ब्याड म्हणतील," आणि त्यांच्या वतीने ताटावर हात आडवा धरला.

अप्पांनी माझा हात बाजूला केला आणि ताट पुढे सरकवलं.

"वाढा की," ते म्हणाले.